पाहुण्याच्या गाडीची चावी: यात्रा कमिट्यांना खुले पत्र

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील देवस्थान पंच कमिट्या, यात्रोत्सव कमिट्या आणि युवक मंडळांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या यात्रांच्या बैठका सुरू झाल्या आहेत. रथाचं काम कुठवर आलं, मांडव कुणाला द्यायचा, कुस्तीच्या मैदानाला पंच कोण, गल्लीवार वर्गणी किती, हे सगळं सध्या ठरतंय. त्या बैठकांत आणखी एक विषय घ्यावा म्हणून हे पत्र लिहितोय. यात्रेचं जेवून, पिऊन, रात्री गाडीवरून घरी परतणाऱ्या पाहुण्याचा विषय. गेल्या चैत्रात तो पाहुणा मी होतो.

माझं वय एक्केचाळीस. उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये सतरा वर्षं लेथवर काम करतो. गाव खानापूर रस्त्याच्या अंगाला. खाली नाव घालत नाही, कारण माझ्या नावाबरोबर बायकोचं आणि मुलाचं नाव जातं, आणि त्या दोघांनी काही केलेलं नाही. ज्यांना वाचून माणूस ओळखू येईल त्यांच्यापासून मला काही लपवायचं नाही.

सासुरवाडीला लक्ष्मीची यात्रा होती. बरेच वर्षांनी भरलेली, म्हणून पै-पाहुणे भरपूर. घराघरापुढे मांडव, अंगणात चुली, मटणाचा वास साऱ्या गल्लीत. संध्याकाळी ओटी भरून आलो. सातच्या सुमाराला मेव्हण्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. जावई म्हटल्यावर आग्रह किती असतो ते तुम्हाला सांगायला नको. पहिली नाइंटी मी माझ्या मनानं घेतली. दुसरी घेताना नको म्हणत होतो, पण तसं म्हणताना ग्लास हातातच होता. मग जेवण. दहा वाजता उठलो, कारण सकाळी सातची शिफ्ट.

सासूबाई दारात आल्या. ''आता कुठं जातासा? सकाळी जावा की.'' मी म्हणालो, काय होतंय, अर्ध्या तासाचा रस्ता. बायको गाडीवर बसायच्या आधी दोनदा म्हणाली, ''राहूया की.'' तिनं ते अगदी हळू म्हटलं. माहेरच्या माणसांदेखत नवऱ्याला अडवायचं नसतं, असं आपण आपल्या मुलींना शिकवलेलं आहे. आठ वर्षांचा मुलगा आम्हा दोघांच्या मधे बसला आणि पेंगायला लागला.

साडेदहाला मोठ्या रस्त्यावर पोलिसांनी हात केला. यात्रांच्या दिवसांत त्या वाटांवर नाकाबंदी असते, हे मला ठाऊक होतं. एका पोलिसानं मशीनला नवी नळी लावली आणि फुंकायला सांगितलं. मराठीतच बोलला, आवाज चढवला नाही. किती घेतली म्हणून विचारलं, मी म्हणालो, थोडीच. मशीनमधून चिठ्ठी निघाली. तिच्यावर वेळ होती, गाडीचा नंबर होता आणि आकडा होता 94. मुलगा जागा झाला होता. माझ्या शर्टाला धरून विचारत होता, ''पप्पा, त्यात काय फुंकलासा?''

गाडी तिथंच ठेवून घेतली, लायसन्स घेतलं. मेव्हण्याला फोन केला. तो पंधरा मिनिटांत मोटरसायकलवर आला, आम्हाला घरी सोडायला. त्यानं माझ्याबरोबरच प्याली होती, माझ्याएवढीच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, त्यालाही नाही. बायको मात्र जागची हलली नाही. ''तू पण प्यालास. मी बसत नाही आणि पोराला बसवत नाही.'' सख्ख्या भावाला तिनं त्या रस्त्यावर परत पाठवलं नाही, गाडी बाजूला लावायला लावली आणि आम्ही चौघं रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. रिक्षा मिळायला पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये, गल्लीत, फोनवर, प्रत्येकानं एकच वाक्य ऐकवलं: ''त्यात काय एवढं? दहा हजार भरले की मिटतंय.'' धीर देण्यासाठीच म्हणत होते सगळे. पण हे वाक्य खोटं आहे, आणि ते आपल्या गावांत इतकं सहज बोललं जातं की पोरं तेच धरून गाडीला किक मारतात. म्हणून दहा हजारात काय मिटतं आणि काय मिटत नाही, ते सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, हा दंड रस्त्यावर भरताच येत नाही. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, असल्या गुन्ह्यांचा दंड जागेवर भरून पावती घेता येते. दारू पिऊन गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या 185 कलमाखालचा गुन्हा, आणि तो तडजोडीनं मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. त्याला कोर्टच लागतं. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल, एवढ्यावर गुन्हा होतो. माझा आकडा तिपटीच्या वर होता आणि मी सरळ चालत होतो, नीट बोलत होतो, गाडी नीट चालवतोय असंच मला वाटत होतं.

शिक्षा पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आधी हा दंड 2,000 पर्यंत होता. 1 सप्टेंबर 2019 पासून दहा हजार झाला. लोकांच्या तोंडी दंड तेवढा बसला, कैदेचा भाग कुणी सांगत नाही. पहिल्यांदा सापडला तर समज देऊन सोडतात, असंही मी ऐकलं होतं. कायद्यात तसं काही नाही. दुसऱ्यांदा सापडलं तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 दंड, किंवा दोन्ही.

हातात जो कागद मिळाला तो कन्नडमध्ये होता. मी कन्नड बोलतो, शॉपमध्ये अर्धे सोबती कन्नडच बोलणारे, त्यांच्याशी सतरा वर्षं माझं कधी अडलं नाही. कोर्टाच्या कागदाचं कन्नड वेगळं असतं. तारीख वाचता आली, बाकीचं शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या मित्राकडून वाचून घेतलं. आपल्या गावांतली कितीतरी माणसं न वाचता येणाऱ्या कागदावर सही करून येतात आणि घरी आल्यावर विचारत बसतात, काय लिहिलंय. सही करायच्या आधी विचारलं तर कोर्टातही सांगतात. खटला चालला आणि साक्ष आरोपीला न कळणाऱ्या भाषेत झाली, तर ती त्याला कळणाऱ्या भाषेत समजावून द्यावी, असं कायद्यातच आहे. वकील करायची ऐपत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. 15100 या नंबरावर फोन करूनही विचारता येतं. हे मला नंतर कळलं.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या आवारात पाऊल टाकलं तोच एक जण जवळ आला. माझ्या हातातला कागद बघून म्हणाला, आत यायची गरज नाही, सही करा, पैसे द्या, आम्ही बघतो. दंडावर वेगळे तीन हजार मागत होता. मी देणारही होतो. घाबरलेल्या माणसाला आत जावं लागू नये एवढंच हवं असतं. आमच्या फोरमननं एका वकिलाचं नाव दिलं होतं म्हणून वाचलो. वकिलांनी मला बाकावर बसवून आधी एक प्रश्न विचारला, ''त्या रात्री तुम्ही प्याला होता का?'' मी हो म्हटलं. ते म्हणाले, मशीन चुकलं असेल, तपासणी नियमानं झाली नसेल, तर गुन्हा नाकबूल करण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि प्याला असाल तर कबूल करा, पण कबूल म्हणजे काय ते ऐकून घ्या. कबूल म्हणजे दोषी ठरणं. दंडाची पावती ही शिक्षेची पावती असते. पुढं कुठल्या नोकरीच्या किंवा परदेशी जायच्या अर्जात 'कधी शिक्षा झाली आहे का' असा रकाना आला तर तिथं खरं लिहावं लागेल. आखातात, जहाजावर कामाला जाणारी मुलं आपल्या गावागावांत आहेत. त्यांच्या आईवडिलांना हा रकाना ठाऊक आहे का, हे मला पंचमंडळींना विचारायचं आहे.

साडेदहाला गेलो, नाव पुकारलं तेव्हा तीन वाजून गेले होते. व्हरांड्यात माझ्यासारखे आठ-नऊ जण होते. त्यांत कॉलेजचा एक मुलगा वडिलांबरोबर आलेला, वडील भिंतीकडे तोंड करून उभे. एक सुट्टीवर आलेला जवान, तो प्रत्येक वकिलाला एवढंच विचारत होता की हे युनिटला कळवतात का. आणि एक टेम्पोवाला, माझ्याच वयाचा. त्याला दंडाची फिकीर नव्हती, लायसन्सची होती. टेम्पोवर बँकेचं कर्ज, आणि तीन महिने चालवायचा कोणी? ड्रायव्हर ठेवला तर हप्ता भरायला उरणार काय? तो हिशेब तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि दर वेळी शेवटी तेवढेच पैसे कमी पडत होते.

आत न्यायाधीशांनी विचारलं, ''तप्पु ओप्पिकोळ्तीरा?'' मग माझ्याकडे बघून मराठीत, ''गुन्हा कबूल आहे?'' मी होय म्हणालो. दोन मिनिटांत झालं. त्या दोन मिनिटांत माझ्या मागं उभी राहिलेली माणसं, पुढं बसलेले वकील, दाराशी उभा पोलीस, सगळ्यांसमोर 'होय' म्हणताना माझा आवाज निघेना, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. बाप दहा वर्षांपूर्वी गेले. कोर्टाची पायरी ते जन्मात चढले नव्हते, माळकरी माणूस. मला त्या वेळी तेच आठवले.

दंड भरला, गाडी सोडवायचा हुकूम घेतला. मिटलं म्हणून घरी आलो, तर मिटलं नव्हतं. या गुन्ह्यात पोलिसांनी लायसन्स जप्त केलं की ते आरटीओकडे पाठवतात. तिथून वेगळी नोटीस येते, म्हणणं मांडायची संधी मिळते, आणि पहिल्या गुन्ह्याला तीन महिने लायसन्स बंद होऊ शकतं. माझं झालं. दुसऱ्या गुन्ह्याला रद्दच होतं. बंदीच्या काळात गाडी चालवताना सापडलो असतो तर तो आणखी एक गुन्हा, त्यालाही कैद आहे आणि दहा हजार दंड आहे. तीन महिने मी सहा दहाच्या बसनं कामाला गेलो. वकिलांची फी, बुडालेले पाच दिवस, येणं-जाणं असं सगळं धरून बावीस हजारांच्या वर गेले. ते मी भरून काढले. विम्याबद्दल वकिलांनी जे सांगितलं ते मात्र मनातून गेलेलं नाही. पिऊन धडकलो असतो तर माझ्या गाडीचं नुकसान विमा कंपनीनं दिलं नसतं. आणि कुणी माणूस गेला असता तर त्याच्या घरच्यांना दिलेली भरपाई कंपनीनं माझ्याकडून वसूल केली असती. आमचं दोन गुंठ्यांतलं घर आणि आईच्या नावावरचा भाताचा तुकडा, एवढंच माझ्याकडे आहे. वर निष्काळजीपणानं मृत्यू झाला म्हणून पाच वर्षांपर्यंतची कैद, ती वेगळीच.

कोर्टानंतर आठवड्यानं एका संध्याकाळी घरी आलो तर गल्लीत पोरं खेळत होती. माझा मुलगा हातात पेनाचं टोपण धरून उभा. दुसरी पोरं सायकली घेऊन यायची, तो हात करून थांबवायचा आणि म्हणायचा, ''फुंका.'' मला बघितल्यावर त्यानं टोपण पाठीमागं लपवलं.

तेव्हापासून मी प्यायलेलो नाही. पण या पत्रात मला कुणाला दारू सोडा म्हणून सांगायचं नाही, तो माझा अधिकार नाही. तुमच्याकडे मी यात्रेच्या रात्रीपुरतं मागणं घेऊन आलोय.

आपल्या आग्रहाबद्दल मी खूप विचार केला. मेव्हण्यांना मी बोल लावत नाही, कारण तेच मीही केलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या यात्रेला शॉपमधले मित्र जेवायला आले होते. मीच ओतत होतो. ''एवढी घेतल्याशिवाय जायचं नाही'' हे मी म्हटलेलं आहे. रात्री अकराला त्यांतल्या एकाला गाडी वळवता येईना, तर मी बॅटरी दाखवून ती वळवून दिली आणि मागून हात हलवला. तो सुखरूप पोचला. त्याच्या घरी दोन लहान मुली आहेत. गेल्या वर्षभरात ती बॅटरी हातात धरलेला मी मला कितीदा दिसलोय.

आपण पाहुण्याला जेवायला बोलावतो, पण राहायला बोलावत नाही. ही रीत जुनी नाही. आजी सांगायची, तिच्या माहेरच्या यात्रेला ती बैलगाडीनं जायची, पोरंबाळं, गाठोडी घेऊन, आणि मुक्काम तीन दिवसांचा. पाहुणा रात्रीचा निघाला तर घरच्यांना कमीपणा वाटायचा. आता घरोघरी दुचाकी आली. एका संध्याकाळी तीन गावच्या यात्रा उरकणारे लोक मी बघितलेत, एका घरी मटण, दुसऱ्या घरी भेट, तिसऱ्या घरी ग्लास. यजमानाच्या घरी चाळीस पानं उठतात, अंथरुणं चार असतात. आणि मुक्कामाला थांबलाच कुणी, तर त्याला म्हणतात, झेपली नाही वाटतं. माझ्यासारखा माणूस त्या एका वाक्याला भिऊन गाडीवर बसतो.

तुमच्या शब्दाला गावात वजन आहे म्हणून तुम्हाला लिहितोय. पोलीस मोठ्या रस्त्यावर उभे राहतात. गल्लीच्या तोंडाशी, जिथं माणूस गाडीला चावी लावतो, तिथं तुम्हीच असता.

माझ्या एका शंकेचं उत्तर मी शोधलं, ते इथं लिहितो, कारण यात्रेत यावर फार चुकीचं बोललं जातं. लिंबू पिळून प्याला, दही खाल्लं, तोंडावर पाणी मारलं, कडक कॉफी घेतली की उतरते म्हणतात. त्यानं झोप उडते, रक्तातली दारू उतरत नाही. ती यकृत आपल्या चालीनं काढतं, 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅम, माणसागणिक थोडं कमी-जास्त. त्याला घाई करता येत नाही. माझा आकडा साडेदहाला 94 होता. 30 वर यायला सव्वाचार तास. म्हणजे सासूबाईंनी घातलेल्या अंथरुणावर मी पडलो असतो तर पहाटे तीनच्या सुमाराला हद्दीच्या आत आलो असतो आणि पाचला निघून शिफ्ट गाठली असती. जास्त पिणाऱ्याला सकाळचे आठ-नऊही वाजतील, तेही ध्यानात ठेवा. पहाटे उठला म्हणून प्रत्येक जण गाडी चालवायला लायक झाला असं नाही.

तर सगळा प्रश्न एका रात्रीच्या झोपेचा आहे. आणि झोपायची सोय करणं आपल्या गावांना काय अवघड? पारायणाला बाहेरगावचे टाळकरी येतात तेव्हा आपण काय करतो? दिंडी मुक्कामाला आली की तासाभरात दोनशे माणसांची पथारी पडते. मराठी शाळेचे वर्ग उघडले जातात, देवळाच्या सभामंडपात सतरंज्या येतात, घराघरातून चादरी येतात, कोण कुणाकडे ते गल्लीतली बायामाणसं परस्पर ठरवून टाकतात. माळकऱ्यांसाठी जे करतो ते पिणाऱ्यांसाठी कसं करायचं, असं काही वडीलधारी विचारतील. त्यांचा राग मला समजतो, माझ्या वडिलांनीही हेच विचारलं असतं. देवळात त्यांची सोय नकोच, शाळेत करा, समाज भवनात करा. पण करा. त्या पिणाऱ्याच्या मागं बसून जाणारी बाई प्यालेली नसते. समोरून सायकलवर येणारा म्हातारा प्यालेला नसतो.

काही जण म्हणतील, यात्रेत दारूच बंद करा. आया-बहिणींनी हे मागितलं तर मी त्यांच्या बाजूनं बैठकीत उभा राहीन. पण यात्रा दोन महिन्यांवर आली आहे, आणि बंदी केली की पिणारा शेताच्या बांधावर जाऊन पितो आणि तिथूनच गाडीवर बसतो. बंदीचं ठरेल तेव्हा ठरेल. यंदाच्या रात्रीचं आत्ता ठरवावं लागेल.

पत्रिकेत 'सहकुटुंब भोजनास यावे' असं छापता, तिथं 'भोजनास व मुक्कामास यावे' असं छापा. त्या एका शब्दानं राहणाऱ्याचा संकोच जातो. यात्रेचा माइक दिवसभर चालू असतो, हरवलेलं पोर, वाटेत लावलेली गाडी, कुस्तीची जोड, सगळं त्याच्यावरून सांगितलं जातं. रात्री आठपासून दर अर्ध्या तासानं पंचांपैकी कुणी तरी स्वतः सांगावं की मुक्कामाची सोय शाळेत केली आहे, प्यालेल्या माणसानं गाडी घेऊन जायचं नाही, ही गावाची विनंती आहे. माइकवाल्या पोरानं सांगितलेलं कुणी मनावर घेत नाही, पंचांनी सांगितलं तर घेतात. मुख्य दिवशी रात्री उशिरा शहराकडे एक जादा बस मिळावी म्हणून वायव्य कर्नाटक परिवहनच्या डेपोला कमिटीच्या लेटरहेडवर आजच अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये द्या, लवकर हलेल. लिहून द्यायला आमच्या शॉपमधला माझा मित्र तयार आहे.

आणि घरातल्या बायकांना बोलू द्या. त्या रात्री शुद्धीवर असलेली दोन माणसं मला थांब म्हणत होती, एक सासूबाई आणि एक बायको, आणि दोघींचं म्हणणं मी आणि तिथल्या पुरुषांनी हसण्यावारी नेलं. यजमानीण बाईनं पाहुण्याची चावी मागितली तर तो पाहुण्याचा अपमान नाही, असं एकदा माइकवरून सांगून टाका. गावानं सांगितलेलं आहे म्हटल्यावर तिला मागता येईल.

चावीवरून शेवटचं. आमच्या टूलरूममध्ये हत्यार घ्यायचं असलं की नंबराचा पितळी बिल्ला द्यावा लागतो. बिल्ला खिळ्यावर अडकवतात, हत्यार परत दिलं की बिल्ला परत. सतरा वर्षांत यावरून कुणाचं भांडण झालेलं मी बघितलं नाही, कारण फोरमनलाही बिल्ला द्यावाच लागतो. तसा एक फळा मी आमच्या गावच्या यात्रेसाठी केला आहे. पाहुण्यानं आल्याआल्या, प्यायच्या आधी, चावी द्यायची आणि बिल्ला घ्यायचा; न पिता निघाला तर लगेच परत, पिऊन बसला तर सकाळी. सगळ्यांनी द्यायची, म्हणजे कुणा एकाला लाज नको. पहिली चावी माझी आणि दुसरी मेव्हण्याची, त्यानं तसं कबूल केलं आहे. साठ खिळे ठोकून झालेत. बिल्ले शॉपच्या मालकांनी उरलेल्या पितळेतून करू दिले, त्यांच्यावर आकडे कोरायचे राहिले आहेत. तुमच्या गावाला किती लागतील ते बैठकीत ठरवून कळवा, सुट्टीच्या दिवशी बसून मी करून देईन. पैसे नकोत.

आपला नम्र,
खानापूर रस्त्याकडचा एक गावकरी